टाके दिसते म्हणून पाणी कमी नेऊ नये : बार्कर डॅमच्या वाळवंटी वाटेविषयी

कोथरूडमधील एका निवृत्त गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ६४ आणि पत्नीचे ६० आहे. दोघेही रोज पर्वती चढतात आणि महिन्यातून दोनदा सिंहगडावर पायी जातात. त्यांची कन्या दक्षिण कॅलिफोर्नियात राहते आणि तिने त्यांना जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानातील बार्कर डॅमच्या वाटेवर न्यायचे ठरवले आहे. बरोबर आठ वर्षांचा नातूही असेल. वाट जेमतेम दोन किलोमीटरची आहे, चढ जवळजवळ नाही आणि मध्ये पाण्याचे तळे आहे. तेव्हा माणशी एक बाटली पाणी पुरेल का, ती तळ्यावर भरून घेता येईल का, मार्चमध्ये जावे की नातवाची शाळा संपल्यावर जूनमध्ये, आणि या वयात काही वेगळी तयारी हवी का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मार्चमध्ये जावे. एक बाटली पुरणार नाही. ती तळ्यावर भरता येणार नाही, आणि तळ्यात त्या दिवशी पाणी असेलच असेही नाही. तयारी हवी, पण ती पायांची नव्हे. पायांच्या दृष्टीने आपण दोघेही या वाटेसाठी गरजेपेक्षा अधिक तयार आहात. जी तयारी हवी ती पाण्याविषयीच्या आपल्या सवयीची, आणि उत्तराचा मोठा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे. गेली तीस वर्षे मी पुण्यातून लोकांना सह्याद्रीत घेऊन जातो आणि त्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे राजस्थानात आणि अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटांत चालताना पाहिले आहे. वाळवंटात त्यांना जी अडचण आली ती दम लागण्याची किंवा गुडघ्यांची क्वचितच होती. जवळजवळ प्रत्येक वेळी ती पाण्याच्या हिशेबाची होती.

आपण किल्ल्यांवर वाढलेली माणसे आहोत. सिंहगडावर देवटाके आहे, राजगडावर पद्मावती तलाव आहे, हरिश्चंद्रगडावर पुष्करणी आहे, नाणेघाटाच्या माथ्यावर कातळात खोदलेली टाकी आहेत. वर पोहोचलो की पाणी मिळणार, ही गोष्ट आपल्या मनात इतकी खोल रुजलेली असते की पाठपिशवी भरताना आपण तिचा वेगळा विचारही करत नाही. गडावर पाणी नसेल तर तो गडच नव्हे, कारण पाण्याची सोय पाहूनच तो बांधलेला असतो. त्यामुळे नकाशावर किंवा माहितीफलकावर तळे दिसले की पुण्याचा ट्रेकर नकळत एक बाटली कमी घेतो. ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांच्याकडूनही तेच झाले आहे आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. सह्याद्रीत हा हिशेब बरोबरच असतो.

मी स्वतः पहिल्यांदा बार्कर डॅमला गेलो तो ऑक्टोबरचा महिना होता. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली असण्याचा काळ, आणि माझ्या डोक्यात तेच चित्र होते. माझ्याजवळ एक लिटर पाणी होते आणि सकाळचे साडेदहा वाजले होते. खडकांच्या अरुंद बोळातून बाहेर पडून तळ्याच्या काठावर आलो तेव्हा समोर भेगाळलेला चिखल होता. चिखलाचे पापुद्रे कडेने वर वळलेले होते आणि सभोवारच्या खडकांवर माझ्या डोक्याच्याही वर पाण्याच्या जुन्या पातळीची फिकट रेघ होती. वाट लहान असल्यामुळे मला काहीही झाले नाही. परंतु माझ्याबरोबर आलेल्या मित्राने, वाट संपत नाही तोच, शेजारच्या खडकांच्या पसाऱ्यात आणखी तासभर भटकायचा आग्रह धरला आणि मी तो मान्य केला. परतताना त्याला मळमळू लागले, पायात गोळे आले आणि शेवटचा अर्धा किलोमीटर आम्ही एका खडकाच्या सावलीतून दुसऱ्या खडकाच्या सावलीत असे थांबत थांबत काढला. गाडीत पाण्याचा मोठा डबा होता म्हणून प्रसंग निभावला. चूक पूर्णपणे माझी होती. तळ्यातले पाणी मी मनातल्या मनात आमच्या साठ्यात धरले होते.

हे तळे असे का वागते, ते समजून घेतले म्हणजे हिशेब आपोआप बदलतो. जोशुआ ट्री हे उद्यान लॉस एंजलिसच्या पूर्वेस साधारण २२५ किलोमीटरवर आहे. १९३६ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९९४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. येथे दोन वाळवंटे एकमेकांना भेटतात. पश्चिमेकडचे उंचावरचे मोहावी आणि पूर्वेकडचे सखल, अधिक उष्ण कोलोरॅडो. बार्कर डॅम मोहावीच्या भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळजवळ सिंहगडाच्या माथ्याइतक्याच उंचीवर. फरक पावसाचा आहे. पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ताम्हिणीसारख्या घाटात त्याच्या कित्येक पट. या उद्यानाच्या उत्तर सीमेवरील ट्वेंटीनाइन पाम्स या गावात वर्षभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्याकडे जुलैतल्या एखाद्या दिवसात घाटमाथ्यावर जे पडते, ते तिथे वर्षभरात पडते, आणि तेही दोन हप्त्यांत. काही हिवाळ्यातल्या संथ सरींत, काही उन्हाळ्याच्या उत्तरार्धातल्या अचानक येणाऱ्या वादळांत. एखादा हिवाळा जवळजवळ कोरडाही जातो.

एवढ्याशा पावसातही तळे भरते, याचे कारण ग्रॅनाइटचा उघडा खडक. त्यावर पडलेले पाणी मुरत नाही, घसरत जाऊन खालच्या खोलगट भागात जमते. विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशात गुरे राखणाऱ्यांनी हे हेरले आणि दोन खडकांमधल्या अरुंद तोंडावर बांध घातला. त्यांच्यापैकी सी. ओ. बार्कर यांचे नाव बांधाला राहिले. पुढे जवळच राहणाऱ्या बिल कीज यांच्या कुटुंबाने १९४९-५० मध्ये बांधाची उंची वाढवली. बांधाच्या खालच्या अंगाला गुरांना पाणी पाजण्यासाठी बांधलेली गोल डोणीही अजून पाहायला मिळते. म्हणजे हे नैसर्गिक सरोवर नाही आणि बारमाही झराही नाही. पावसाचे पाणी अडवून ठेवलेले ते एक उथळ टाके आहे आणि कोरड्या हवेत त्याचे पाणी सतत उडून जात असते. हिवाळा चांगला झाला असेल तर मार्चमध्ये त्यात खडकांचे प्रतिबिंब पडलेले दिसते. उन्हाळ्यात आणि दुष्काळी वर्षांत ते पूर्ण आटते.

येथे शब्दांविषयी थोडे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. या उद्यानात अशा साठ्यांना 'टँक' म्हणतात. व्हाइट टँक नावाची एक जागाच तिथे आहे. इंग्रजीतला हा 'टँक' शब्द अनेक कोशकार आपल्या 'टाके' आणि गुजराती 'टांकी' या शब्दांशी जोडतात. त्याच वाळवंटी प्रदेशात खडकात नैसर्गिकरीत्या झालेल्या पाण्याच्या खळग्यांना स्पॅनिशमधून आलेला 'तिनाहा' हा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ मातीचा मोठा रांजण असा होतो. निघोजला कुकडीच्या पात्रातल्या खळग्यांना आपण रांजणखळगे म्हणतो, आणि सात समुद्रांपलीकडच्या माणसांनाही खडकातले पाणी पाहून रांजणच आठवला. आपल्या पत्नीला आणि नातवाला ही गोष्ट तळ्याकाठी जरूर सांगावी. परंतु शब्द एक असला तरी वस्तू एक नाही, हेही त्याच वेळी ध्यानात असू द्यावे. देवटाक्याचे पाणी पिण्यासाठी राखलेले असते. बार्कर डॅमचे पाणी साचलेले, गाळलेले नसलेले आणि वन्यप्राण्यांसाठी राखलेले आहे. त्यात उतरायला किंवा पाय बुडवायलाही परवानगी नाही.

हा नियम कडक वाटला तरी त्याला सबळ कारण आहे. रानमेंढ्या, म्हणजे तिथल्या मोठ्या वळणदार शिंगांच्या बिगहॉर्न मेंढ्या, या पाण्यावर येतात. आसपास दुसरे पाणी नसताना माणसे काठावर बसून राहिली तर मेंढ्या वरच्या खडकांत ताटकळत राहतात. अशा हंगामी खळग्यांत पाण्याबरोबर जिवंत होणारी एक सृष्टीही असते. बारीक कोळंबीसारख्या जीवांची अंडी कोरड्या चिखलात दीर्घकाळ तग धरतात आणि पाणी येताच उबतात. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवरही पावसाळी डबक्यांत असेच जीव सापडतात, पण तिथे पाऊस दरवर्षी येतो. वाळवंटातल्या जीवांना पुढच्या पाण्याची खात्री नसते. हातापायांना लावलेले उन्हाचे मलम एवढ्याशा पाण्यात विरघळले की त्यांच्यावर काय परिणाम होईल, याची कल्पना करता येईल. काठापासून थोडे मागे एखाद्या खडकाला टेकून पंधरा-वीस मिनिटे गप्प बसावे. पक्षी हमखास येतात. मेंढी दिसणे नशिबाचा भाग आहे.

आता प्रत्यक्ष पाण्याच्या प्रमाणाकडे वळतो. उद्यानाची शिफारस अशी आहे की प्रत्येक माणसाने दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी बाळगावे, आणि श्रम किंवा ऊन अधिक असेल तर त्याच्या दुप्पट. उद्यानाच्या आतल्या भागात पिण्याचे पाणी मिळत नाही. ते सीमेवरच्या मोजक्या ठिकाणी आहे. चौघांसाठी मार्चमध्ये सोळा लिटर पाणी गाडीत असावे आणि वाटेवर प्रत्येक मोठ्याच्या पाठीवर किमान दीड लिटर, नातवाच्या छोट्या पिशवीत अर्धा लिटर. दोन किलोमीटरला एवढे कशाला, असे वाटेल. वाट तासाभराची असली तरी नातवाबरोबर आणि तळ्याकाठी बसून ती अडीच तासांची होते, आणि एखाद्याचा पाय मुरगळला तर चार तासांची. पाणी त्या चार तासांसाठी न्यायचे असते.

वाळवंटात घाम दिसत नाही, हा मुद्दा मी प्रत्येक गटाला दोनदा सांगतो. कोकणात उतरताना अंगरखा पिळून काढावा लागतो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले ते कळते. कोरड्या हवेत घाम त्वचेवर येताक्षणी उडून जातो. कपाळ कोरडे असते, अंगावर मिठाचे पांढरे कण असतात आणि आपल्याला वाटते की आपण छान, गार आहोत. त्यात वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते. साठीनंतर तहान लागेल तेव्हा पिऊ हे धोरण चालत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी, तहान असो वा नसो, दोन-तीन घोट घ्यावेत. नुसतेच पाणी भरपूर पीत राहणेही योग्य नाही, कारण घामाबरोबर मीठही जाते आणि त्याची भरपाई झाली नाही तर रक्तातले सोडियम घटून चक्कर, मळमळ आणि क्वचित त्याहून गंभीर त्रास होऊ शकतो. खारे शेंगदाणे, चिवडा, चकली, आपल्या घरातला साधा खाऊ यासाठी उत्तम आहे. जलसंजीवनीची दोन पाकिटे पुण्याहूनच न्यावीत. आपण उभयतांपैकी कोणी रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असाल, किंवा मिठावर निर्बंध असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी याच विषयावर स्वतंत्र बोलून घ्यावे. ही सूचना मी शिष्टाचारापुरती करत नाही.

आपले शरीर किती पाणी टाकते हे पुण्यातच मोजता येते, आणि मला वाटते की आपण केलीच पाहिजे अशी तयारी ही एकच आहे. येत्या काही आठवड्यांत कडक उन्हाच्या एखाद्या दिवशी, हवा कोरडी असताना, वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याकडून थोड्या अंतरापर्यंत नऊ ते अकराच्या दरम्यान चालावे. दुपारी बारा ते तीनच्या उन्हात हा प्रयोग करू नये. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर, दोन्ही वेळा कोरड्या आणि कमीत कमी कपड्यांत, एकाच काट्यावर वजन करावे आणि मध्ये किती पाणी प्यायलो ते लिहून ठेवावे. समजा, निघताना वजन ६८ किलो होते, परतल्यावर ६७.१ भरले आणि वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायलो. वजनातली ९०० ग्रॅमची घट म्हणजे ९०० मिलिलिटर, त्यात प्यायलेले ५०० मिळवले की दोन तासांत १.४ लिटर पाणी शरीरातून गेले, म्हणजे ताशी ७०० मिलिलिटर. वाटेत लघवीला गेला असाल तर तीही या आकड्यात आली, म्हणून हिशेब ढोबळ समजावा, पण तो अंदाजापेक्षा फार चांगला असतो. माझ्या गटातल्या लोकांना हा आकडा पाहून नेहमी धक्का बसतो, कारण त्यांनी तेवढ्या वेळात एकच बाटली अर्धी केलेली असते. वेताळ टेकडीवर गेलात तर जुन्या दगडखाणीतले पाणीही पाहून या. पावसाळ्यानंतर ते कसे उतरत जाते आणि काठावर पक्ष्यांची वर्दळ कशी वाढते, हे महिन्यागणिक पाहिलेल्या माणसाला बार्कर डॅम समजावून सांगावा लागत नाही.

मार्च की जून, याचे उत्तर मी वर दिले आहे. त्याचे कारण आता सांगतो. वसंतात या भागात दिवसाचे तापमान साधारण २९ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि रात्री ते १० अंशांपर्यंत उतरते. उन्हाळ्यात ते ३८ अंशांच्या वर असते. पुणेकर म्हणेल की एप्रिलमध्ये आम्हीही ३९ अंश सोसतो. खरे आहे, पण आपण ते घरात, झाडांखाली किंवा पंख्याखाली सोसतो. या वाटेवर झाडाची सावली जवळजवळ नाही. ज्याला तिथे 'ट्री' म्हणतात तो जोशुआ वृक्ष युक्का जातीचा, आपल्या घायपाताच्या नात्यातला आहे. त्याच्या फांद्यांच्या टोकांशी फक्त टोकदार पानांचे झुबके असतात. सावली खडकांची असते आणि भर दुपारी तीही आखडते. शिवाय ग्रॅनाइट तापला की तो वरच्या उन्हाइतकीच उष्णता बाजूने फेकतो, हे आपण उन्हाळ्यात हंपीला गेला असाल तर अनुभवले असेल. मार्चमध्ये तळ्यात पाणी असण्याचा संभव अधिक आहे, जोशुआ वृक्षांना फुलोरा येण्याचा काळही तोच आहे आणि चांगल्या पावसाच्या वर्षी वाळूत रानफुले असतात. जूनशिवाय इलाजच नसेल तर सूर्योदयाला वाटेवर असावे, साडेआठला गाडीत परत असावे आणि तळे कोरडे मिळेल असे धरूनच जावे. नातवाच्या सुट्टीसाठी आपल्या पत्नीला जूनच्या दुपारी त्या वाटेवर नेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मार्चमध्ये एखादा शनिवार-रविवार त्याच्या शाळेतूनही सहज निघेल. मात्र सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायची जागा लवकर भरते, म्हणून सकाळी आठपूर्वी पोहोचावे.

जुलै ते सप्टेंबर हा काळ वेगळ्या कारणाने टाळावा. तेव्हा दुपारी अचानक वादळे येतात, आणि आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही लांबवर पडलेल्या पावसाचे पाणी कोरड्या वाळूच्या ओढ्यांतून लोंढ्यासारखे येऊ शकते. पावसाळ्यात कोरड्या ओढ्यात बसून डबा खाऊ नये, हे आपण सह्याद्रीत शिकलेलो असतो. तो नियम तिथे वर्षभर पाळावा.

वाटेचे वर्णन फार करत नाही, कारण ती आखलेली आणि मळलेली आहे. गाडीतळापासून निघून ती खडकांच्या दोन भिंतींमध्ये शिरते, काही ठिकाणी दगडी पायऱ्या आहेत, मग तळे, मग बांधाच्या खालच्या बाजूने उघड्या मैदानातून वळसा घेऊन ती परत येते. ज्या खडकांमधून आपण जाल ते मात्र डोळे भरून पाहावेत. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला, म्हणून आपले कडे आडव्या पट्ट्यांचे आणि पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. इथला ग्रॅनाइट दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातच हळूहळू थिजला. वरचा भार कमी होत गेला तशा त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि त्या काळच्या अधिक ओल्या हवामानात मुरणारे पाणी त्या भेगांतून शिरून ठोकळ्यांचे कोपरे कुजवत गेले. कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी पोहोचते, कडेवर दोन आणि सपाट तोंडावर एकाच बाजूने, त्यामुळे कोपरे आधी झिजतात आणि ठोकळ्याचा गोटा होतो. हे सगळे मातीखाली घडले. पुढे हवा कोरडी झाली, पुरांनी भुसभुशीत माती वाहून नेली आणि आतले गोटे एकावर एक बसत आज दिसतात तसे रचले गेले. कोणीतरी हाताने ठेवल्यासारखा दिसणारा प्रत्येक धोंडा खरे तर जागच्या जागी कोरला गेला आहे. ज्या पाण्याने हे खडक घडवले त्याचाच उरलेला अंश तळ्यात पाहायला आपण जाणार आहात.

नातू त्या गोट्यांवर चढणार, हे गृहीत धरावे. ग्रॅनाइटचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि बुटाला धरतो, त्यामुळे चढणे सोपे वाटते, पण उतरताना तोच उतार पोटात गोळा आणतो. शिवाय सुटलेले कण पायाखाली मोहरीसारखे घरंगळतात. मुलाला एकच नियम द्यावा. जिथून आजोबांचा हात न धरता उतरता येईल तिथपर्यंतच चढायचे. खडकांच्या फटीत न पाहता हात घालू नये, कारण ऊब वाढू लागली की रॅटलस्नेक, म्हणजे शेपटी वाजवणारे विषारी साप, बाहेर येऊ लागतात. चोया नावाच्या निवडुंगाचे काटे उलट्या आकड्यांचे असतात आणि नुसत्या स्पर्शाने अख्खा तुकडा अंगाला चिकटतो. तो बोटांनी ओढू नये, बोटेही अडकतात. मोठ्या दातांचा कंगवा खिशात असावा. तो काटा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून तुकडा एका झटक्यात दूर उडवावा आणि राहिलेले काटे चिमट्याने काढावेत. वाट सोडून वाळूवर चालू नये, त्या वरवर उजाड दिसणाऱ्या मातीवर सूक्ष्म जीवांचा नाजूक कवचासारखा थर असतो आणि एका पावलाने मोडलेला तो थर भरून यायला वर्षे लागतात.

वाट चुकण्याची भीती मुख्य फेरीत नाही. ती शेजारच्या खडकांच्या पसाऱ्यात आहे, जिथे मी आणि माझा मित्र भटकलो. तिथे प्रत्येक बोळ दुसऱ्यासारखा दिसतो आणि आपल्याकडे लागतो तसा चकवा भर दुपारी लागतो. उद्यानाच्या बहुतेक भागात मोबाइल चालत नाही, म्हणून निघण्यापूर्वी जावयांना किंवा घरी राहणाऱ्या कोणाला तरी परतण्याची वेळ सांगून ठेवावी. चालताना कोणी चिडचिड करू लागला, बोलताना अडखळू लागला किंवा साध्या प्रश्नाचे विसंगत उत्तर देऊ लागला, तर तो थकला आहे असे समजून पुढे चालू नये. ही उष्माघाताची खूण असू शकते. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि एकाने गाडीकडे जाऊन मदत बोलवावी. अशा वेळी पिण्याच्या पाण्यातले पाणी अंगावर ओतताना हात आखडू नये.

फेरीच्या शेवटाकडे एका खडकाच्या पोकळीत तिथल्या मूळ रहिवाशांनी कोरलेल्या आकृत्या आहेत. सेरानो, काहुइया, चेमेहुएवी आणि मोहावी या समाजांचा या प्रदेशाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. त्या आकृत्या ठळक दिसाव्यात म्हणून कोणीतरी त्यांवर रंग फासला आणि तो आता काढता येत नाही. आपल्या गडांच्या भिंतींवर बदामाची चित्रे आणि नावे पाहून ज्याच्या पोटात तुटते, त्याला तिथेही तसेच वाटेल. हात न लावता, थोडे दूर उभे राहून पाहावे.

प्रश्नाच्या शेवटी आपण लिहिले आहे की आपल्या पत्नी प्रत्येक सहलीहून एक छोटा दगड घरी आणतात आणि देव्हाऱ्याशेजारच्या परडीत ठेवतात. या वेळी तो दगड आणता येणार नाही, राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणण्यास बंदी आहे. त्याऐवजी एक वही न्यावी. बांधाजवळ उभे राहून खडकावरच्या जुन्या पाण्याच्या रेघेपासून त्या दिवशीचे पाणी किती हात खाली आहे ते अंदाजाने लिहावे, तारीख घालावी आणि उभे राहिलात ती जागा वहीत रेखाटून ठेवावी. आपली कन्या तिथून काही तासांच्या अंतरावर राहते. ती आणि नातू पुढच्या पावसानंतर त्याच जागी उभे राहून दुसरी नोंद करतील.